‘कशासाठी?’ या एका प्रश्नाची पाच उत्तरे

व्यापारी घराण्यांचा रोजचा व्यवहार मराठी, मारवाडी किंवा गुजराथीत चालतो. सह्या मात्र बहुतेक वेळा इंग्रजी कागदांवर कराव्या लागतात. बँकेचा कर्ज-अर्ज, कंपनीचे मेमोरँडम, ट्रस्ट डीड, विम्याचा प्रस्ताव, म्युच्युअल फंडाचे माहितीपत्रक, मुलांच्या शाळेचा अहवाल असे अनेक कागद घरात येतात आणि त्या प्रत्येकात ‘कशासाठी?’ हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारलेला असतो. कोठे ‘पर्पज’ असतो, कोठे ‘ऑब्जेक्ट’, कोठे ‘ऑब्जेक्टिव्ह’. कोठे ‘एम’, ‘गोल’ किंवा ‘इंटेन्शन’. शब्दकोश उघडला तर या सगळ्यांपुढे उद्देश, हेतू, ध्येय हेच दोन-तीन शब्द फिरून फिरून दिसतात. त्यामुळे हे सर्व शब्द एकच आहेत, असा समज होतो.

बोलण्यात हा समज फारसा त्रास देत नाही. सही करताना मात्र तो महागात पडू शकतो. या शब्दांतील अंतर केवळ भाषेचे नाही. पैसा कोठे वापरता येईल, वचन कशाचे दिले आणि जाब कोण विचारू शकेल, हे त्या अंतरावर ठरते.

पाच शब्द, पाच जागा

प्रथम ‘पर्पज’ पाहू. मराठीत त्याला सर्वांत जवळचा शब्द ‘प्रयोजन’. एखादी गोष्ट मुळात का असावी, याचे हे उत्तर आहे. प्रयोजनाशिवाय मंदबुद्धी मनुष्यदेखील कामाला लागत नाही, अशा आशयाचे वचन आपल्या शास्त्रचर्चेत प्रसिद्ध आहे. ग्रंथाच्या आरंभी त्याचा विषय, त्याचे प्रयोजन, त्या दोहोंचा संबंध आणि तो वाचण्याचा अधिकारी कोण, या चार बाबी सांगण्याची प्रथाही जुनी आहे. दुकानाचे प्रयोजन घर चालवणे हे असेल, तर ते एका वर्षात पूर्ण होऊन संपत नाही. प्रयोजन टिकते, म्हणूनच दुकान टिकते.

दुसरा शब्द ‘एम’. हा इंग्रजी शब्द ज्या लॅटिन क्रियापदापासून आला, त्याच क्रियापदापासून ‘एस्टिमेट’ हा शब्दही आला आहे. म्हणजे नेम धरणे आणि अंदाज बांधणे ही मुळात सख्खी भावंडे. मराठीतला ‘नेम’ तर याहूनही अर्थपूर्ण आहे. बंदुकीचा नेम धरतात आणि चातुर्मासात रात्रिभोजन-त्यागाचा नेमही धरतात. दृष्टी एकीकडे स्थिर ठेवणे आणि आचरण एका रेषेत ठेवणे, या दोन्हींसाठी भाषेने एकच शब्द राखला. ‘एम’ म्हणजे ही दिशा. ‘ध्येय’ हा शब्दही येथेच शोभतो. ज्याचे ध्यान करावे ते ध्येय. ध्याता, ध्यान आणि ध्येय ही त्रयी जैन वाचकांना नवी नाही. म्हणून ‘या महिन्याचे ध्येय : पाच लाखांची विक्री’ असे दुकानातल्या फळ्यावर लिहिलेले वाचताना अडखळल्यासारखे होते. पाच लाखांचे कोणी ध्यान करत नाही. ते उद्दिष्ट आहे.

तिसरा शब्द ‘गोल’. जुन्या इंग्रजीत त्याचा संबंध सीमेशी आणि शर्यतीच्या अंतिम रेषेशी आहे. गाठायचे ठिकाण म्हणजे गोल. मराठीत ‘लक्ष्य’ म्हणावे, ‘लक्ष’ नव्हे. ‘लक्ष’ म्हणजे अवधान, किंवा शंभर हजार. एक ‘य’ गळाला की अर्थ बदलतो. लक्ष्याचे वैशिष्ट्य असे की ते गाठले, की संपते. मुलीचे सी.ए. होणे हे लक्ष्य आहे, ती सी.ए. झाल्यावर त्या लक्ष्याचे काम संपते आणि पुढचे लक्ष्य शोधावे लागते.

चौथा ‘ऑब्जेक्टिव्ह’, म्हणजे ‘उद्दिष्ट’. ‘उद्दिष्ट’ हे संस्कृतातील भूतकालवाचक विशेषण आहे : जे बोट दाखवून नेमके सांगितले गेले ते. लक्ष्याच्या वाटेवरची मोजता येणारी पायरी म्हणजे उद्दिष्ट. पीटर ड्रकर यांनी १९५४ साली उद्दिष्टांनुसार व्यवस्थापनाची कल्पना मांडली. पुढे १९८१ साली जॉर्ज डोरन यांनी चांगल्या उद्दिष्टाच्या पाच कसोट्या सांगितल्या : ते नेमके असावे, मोजता यावे, कोणावर तरी सोपवलेले असावे, शक्य कोटीतले असावे आणि मुदतीने बांधलेले असावे. प्रयोजनाला या कसोट्या लावता येत नाहीत. उद्दिष्टाला त्या लावल्या नाहीत, तर ते उद्दिष्टच राहत नाही.

पाचवा ‘इंटेन्शन’. याला मराठीत ‘हेतू’ म्हणतात. मूळ लॅटिन शब्दात ताणण्याची कल्पना आहे. मन एका बाजूला ताणले गेले, तो इरादा. संस्कृत ‘हेतू’चा धातू पुढे ढकलणे, प्रेरणा देणे या अर्थाचा आहे. लक्ष्य माणसाच्या समोर असते. हेतू माणसाच्या आत असतो आणि त्याला मागून ढकलतो. म्हणूनच लक्ष्य सर्वांना दिसते आणि हेतू दिसत नाही. तो कृतीवरून ओळखावा लागतो.

रणगाड्यांच्या गावातले उदाहरण

अहिल्यानगरच्या वाचकांना हा फरक समजण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. भारतीय सेनेच्या चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र स्वातंत्र्यानंतर नगरलाच स्थिरावले आणि रणगाड्यांचे संग्रहालयही येथेच आहे. लष्करी शिक्षणात युद्धाच्या तत्त्वांची जी यादी शिकवतात, तिच्यातले पहिले तत्त्व ‘एम’ची निवड आणि तो अखेरपर्यंत टिकवणे हे आहे. ‘ऑब्जेक्टिव्ह’ ही त्याच विद्येतली दुसरी संज्ञा असून तिचा अर्थ ताब्यात घ्यायची टेकडी, पूल किंवा चौकी असा होतो. टेकडी हाती येऊनही युद्ध हरता येते. तिच्यापायी मूळ दिशा सुटली, तर ते उद्दिष्ट साधूनही ध्येय गेले, असे म्हणावे लागते.

याच तालुक्यातील हिवरे बाजार हे शांततेच्या काळातले उदाहरण. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले. त्यानंतर तेथे श्रमदान, नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि कुटुंबनियोजन ही पंचसूत्री राबवली गेली. गावातल्या माणसाला गावातच जगता यावे, हे त्या कामाचे प्रयोजन. पडणारे पाणी गावात अडवावे आणि जिरवावे, ही दिशा. आणि पडलेला पाऊस मोजून, पाण्याचा ताळेबंद मांडून, यंदा कोणती पिके घ्यायची आणि कोणती नाहीत हे ठरवणे, हे त्या वर्षाचे उद्दिष्ट. पाऊस कमी झाला की उद्दिष्ट बदलते. दिशा बदलत नाही. शेतीसाठी विंधन विहीर नको आणि ऊस-केळीसारखी पाणी पिणारी पिके नकोत, हे नियम कठोर वाटत असूनही टिकले, याचे कारण कोणती गोष्ट बदलायची आणि कोणती नाही, याबद्दल गावाच्या मनात गोंधळ नव्हता.

देशाच्या पातळीवरही हीच उतरंड दिसते. ऑगस्ट १९४२ पासून अडीच वर्षांहून अधिक काळ नगरच्या किल्ल्यात बंदिवान असलेल्या पंडित नेहरूंनी १३ डिसेंबर १९४६ रोजी संविधान सभेत उद्दिष्टांचा ठराव मांडला आणि २२ जानेवारी १९४७ रोजी तो संमत झाला. त्याचा आशय पुढे संविधानाच्या प्रारंभी उतरला. मराठी संविधानात त्या भागाला ‘उद्देशिका’ म्हणतात. न्याय, स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही उद्देशिकेतली प्रयोजने आहेत. कोणत्याही एका पंचवार्षिक योजनेत ती ‘पूर्ण’ झाली, असे म्हणता येत नाही. रस्ते, शाळा, दवाखाने ही योजनेची उद्दिष्टे असतात. त्यांची संख्या मोजता येते.

कर्जाच्या अर्जातला एक रकाना

आता व्यवहाराकडे वळू. बँकेच्या अर्जात ‘पर्पज ऑफ लोन’ असा एक रकाना असतो. अनेक अर्जदार तो घाईत भरतात किंवा दुसऱ्या कोणाला भरायला सांगतात. संपूर्ण करारातली सर्वांत वजनदार ओळ तीच असते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. कापड बाजारातील एका दुकानाला ६० लाख रुपयांची कॅश क्रेडिट मर्यादा आहे. मार्जिन २५ टक्के. दुकानात ८० लाखांचा माल आहे, म्हणजे उचल करण्याची क्षमता बरोबर ६० लाख. धाकट्या मुलासाठी एक चांगला प्लॉट स्वस्तात मिळत आहे, म्हणून मालक विक्रीतून आलेले २० लाख पुन्हा मालात न घालता प्लॉटमध्ये घालतो. माल ६० लाखांवर येतो. त्याच्या ७५ टक्के, म्हणजे ४५ लाख, एवढीच आता उचलीची क्षमता राहते. खात्यावर येणे मात्र ६० लाखच आहे. १५ लाखांची तूट उघडी पडते. ती सलग ९० दिवस भरून निघाली नाही, तर खाते अनुत्पादित ठरण्याच्या मार्गाला लागते. दिवाळीचा हंगाम आला की नवा माल घ्यायला पैसा नसतो आणि प्लॉट एका आठवड्यात विकला जात नाही.

या गृहस्थाचा हेतू वाईट नव्हता. मुलाची सोय पाहणे हा बापाचा धर्म आहे. लक्ष्यही योग्य होते. मोडले ते प्रयोजन. बँकेने पैसा खेळत्या भांडवलासाठी दिला होता आणि तो स्थावरात अडकला. अल्प मुदतीचे खेळते भांडवल मंजुरीच्या अटींबाहेर जाऊन दीर्घ मुदतीच्या कामी लावणे याला रिझर्व्ह बँकेच्या भाषेत निधी वळवणे म्हणतात. २५ लाख किंवा त्याहून अधिक थकबाकी असल्यास हेतुपुरस्सर थकबाकीदार ठरवण्याच्या कारणांत निधी वळवण्याचा समावेश आहे. येथे ‘हेतुपुरस्सर’ हा शब्द लक्षात घ्यावा. व्यवसायात खोट आली म्हणून कर्ज थकणे वेगळे आणि जाणूनबुजून थकवणे वेगळे, हा विवेक नियमांनीही केलेला आहे. प्रयोजन अर्जात लिहिलेले असते. हेतू मात्र हिशेबाच्या चोपड्यांतून, बँक खात्याच्या उताऱ्यातून आणि स्टॉक स्टेटमेंटमधून वाचला जातो. प्लॉट घ्यायचाच असेल, तर त्यासाठी स्वतंत्र मुदत कर्ज मागावे किंवा नफ्यातून बाजूला काढलेली रक्कम वापरावी. वाट थोडी लांबची आहे, पण तिच्यावर खड्डा नाही.

बँकांच्या बाजूनेही हा घोटाळा होतो. शाखेला ठेवींचे ‘टार्गेट’ मिळते. या शब्दाचा मूळ अर्थ लहान ढाल असा आहे. ३१ मार्चला ओळखीच्या व्यापाऱ्यांकडून आठ दिवसांसाठी ठेवी आणून आकडा गाठला जातो आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्या परत जातात. ठरलेला आकडा साधला; ठेवी गोळा करण्याचे प्रयोजन मात्र होते तेथेच राहिले.

दानाचा पैसा आणि दात्याचा शब्द

जैन समाजाला हा विषय खात्यांच्या रूपाने पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. मूर्तिपूजक परंपरेत देवद्रव्य, ज्ञानद्रव्य, साधारण द्रव्य यांचे हिशेब वेगळे ठेवतात. स्थानकवासी संघांतही जीवदया, ज्ञानदान, साधर्मिक साहाय्य यांची खाती स्वतंत्र असतात. जीवदयेसाठी बोललेली रक्कम स्थानकाच्या रंगरंगोटीला वापरणे कोणत्याही जाणत्या विश्वस्ताला रुचत नाही. दात्याने ‘कशासाठी’ दिले, हा शब्द रकमेइतकाच मौल्यवान मानला जातो.

हीच भूमिका एकदा सर्वोच्च न्यायालयात तपासली गेली. मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० साली आला. एका जैन मंदिराचे व्यवस्थापक रतिलाल पानाचंद गांधी यांनी त्यातील काही कलमांना आव्हान दिले आणि १९५४ साली निकाल लागला. इंग्रजी कायद्यात एक जुने तत्त्व आहे : दात्याने सांगितलेले काम करणे अशक्य झाले, तर त्या पैशाचा विनियोग त्याच्या इच्छेच्या शक्य तितक्या जवळच्या कामासाठी करावा. मुंबईच्या कायद्याने ते पुष्कळ सैल केले होते. मूळ काम शक्य असतानाही धार्मिक संस्थेचा पैसा अधिक सोयीच्या वाटणाऱ्या कामाकडे वळवणे हे धर्मस्वातंत्र्यावरील आक्रमण आहे, असे न्यायालयाने सांगितले आणि तेवढा भाग अवैध ठरवला. संस्थांच्या हिशेबांवर देखरेख ठेवण्याचा शासनाचा अधिकार मात्र एकंदरीत कायम राहिला. चोख हिशेब मागणे आणि प्रयोजन बदलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या निकालाचे सार म्हणता येईल.

दुसरा खटला व्यापाऱ्यांनी अवश्य लक्षात ठेवावा असा आहे. १९५५ साली दक्षिणेतील एका विमा कंपनीच्या भागधारकांनी तंत्रशिक्षण व व्यापारी ज्ञानाचा प्रसार करू पाहणाऱ्या एका स्मारक ट्रस्टला दोन लाख रुपये देण्याचे ठरवले आणि संचालकांनी ते दिले. १९५६ मध्ये विमा व्यवसायाचे राष्ट्रीयीकरण झाले आणि आयुर्विमा महामंडळाने ती रक्कम परत मागितली. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. दान सत्कार्यासाठी होते. परंतु कंपनीच्या मेमोरँडममधील ‘ऑब्जेक्ट्स’मध्ये ते बसत नव्हते, म्हणून संचालकांवर ती रक्कम भरून देण्याची पाळी आली. हेतू उत्तम, कारण उत्तम, तरीही कंपनीचा पैसा कंपनीच्या लिखित उद्देशाबाहेर गेला होता.

यावरून ‘ऑब्जेक्ट’ या कायद्यातल्या शब्दाचे स्थान कळते. ‘पर्पज’ व्यापक असतो, ‘ऑब्जेक्ट’ कागदावर नोंदलेला असतो. १९६१ च्या आयकर कायद्यातील धर्मादायाच्या व्याख्येतही हे दोन्ही शब्द वेगवेगळ्या जागी आले आहेत : एकूण संकल्पनेला ‘चॅरिटेबल पर्पज’ म्हटले असून गरिबांना साहाय्य, शिक्षण, वैद्यकीय मदत इत्यादींच्या शेवटी सार्वजनिक उपयोगितेचा अन्य कोणताही ‘ऑब्जेक्ट’ असे म्हटले आहे.

आजोबांच्या नावाने ट्रस्ट करणाऱ्या कुटुंबांनी येथून एक धडा घ्यावा. डीडमध्ये फक्त ‘अमुक रस्त्यावर पाणपोई चालवणे’ एवढाच उद्देश लिहिला, तर नळयोजना आल्यावर ट्रस्टला काम उरत नाही आणि पैसा अडकतो. फक्त ‘लोककल्याण’ असे लिहिले, तर दात्याची इच्छा नेमकी काय होती, हे दुसऱ्या पिढीला कळत नाही आणि विश्वस्तांत वाद होतात. तहानलेल्यांना पाणी व वाटसरूंना आसरा, असे प्रयोजन आधी लिहावे. पाणपोई, धर्मशाळा, जलसंधारण असे उद्देश त्याखाली क्रमाने मांडावेत. प्रयोजन रुंद आणि उद्देश नेमके असले, की काळ बदलल्यावरही ट्रस्ट चालतो.

तप, परीक्षा आणि घर

धर्माचरणातही हे शब्द एकमेकांत मिसळतात. तपाचे प्रयोजन कर्मनिर्जरा. आठ उपवासांची अठ्ठाई हे त्या वाटेवरचे मोजता येणारे उद्दिष्ट. पण तपाच्या बदल्यात ऐहिक फळाची मागणी मनात धरली, तर जैन परिभाषेत त्याला ‘निदान’ म्हणतात. माया, निदान आणि मिथ्यात्व ही तीन शल्ये मानलेली आहेत. बाहेरून उपवास तेवढेच दिसतात. आतला हेतू बदलला की खाते बदलते. आपल्या शास्त्रकारांनी द्रव्यहिंसा आणि भावहिंसा असा भेद केला, तोही याच कारणाने.

आचार्य आनंदऋषीजींचा जन्म याच जिल्ह्यातील चिचोंडीचा. त्यांच्या प्रेरणेने पाथर्डीत उभ्या राहिलेल्या धार्मिक परीक्षा बोर्डाच्या परीक्षांना गावोगावची मुले आणि मोठी माणसे बसत आली. परीक्षा उत्तीर्ण होणे हे उद्दिष्ट. धर्मज्ञान जीवनात उतरणे हे प्रयोजन. प्रमाणपत्र भिंतीवर लागले आणि पाठ विसरला गेला, तर केवळ उद्दिष्टच साधले, असे म्हणावे लागेल. शाळेतही तेच. शिक्षणशास्त्रात ध्येये आणि उद्दिष्टे यांची यादी स्वतंत्र करायला शिकवतात, ती यासाठीच. नव्वद टक्के हे उद्दिष्ट आहे. मुलाने स्वतंत्रपणे विचार करावा, हे प्रयोजन. निकालाच्या दिवशी घरात या दोहोंची गल्लत झाली, म्हणजे मुलाच्या वाट्याला नाहक दुःख येते.

दुकानाची सूत्रे पुढच्या पिढीकडे देतानाही बहुतेक वेळा हीच गल्लत आड येते. वडिलांना दुकानाचे नाव टिकवायचे असते, मुलाला व्यवसाय ऑनलाइन न्यायचा असतो. दोघेही आपापल्या म्हणण्याला ‘उद्देश’ म्हणतात आणि वाद वाढतो. नाव टिकवणे हे प्रयोजन आहे आणि ऑनलाइन विक्री हे एक उद्दिष्ट आहे, हे एकदा मांडले, की दोन्ही एकाच वहीत बसतात.

सहीपूर्वीचे पाच प्रश्न

कोणत्याही महत्त्वाच्या कागदावर सही करण्यापूर्वी, किंवा घरात मोठा निर्णय घेण्यापूर्वी, पुढील पाच प्रश्नांची उत्तरे एका कागदावर मराठीत लिहून पाहावीत.

१. हे मुळात का करायचे? (प्रयोजन)

२. कोणत्या दिशेने जायचे? (नेम, ध्येय)

३. कोठे पोहोचल्यावर काम झाले असे म्हणायचे? (लक्ष्य)

४. किती, कधीपर्यंत आणि कोणी करायचे? (उद्दिष्ट)

५. मनातून नेमके काय हवे आहे? (हेतू)

पहिल्या चार उत्तरांत काही विसंगती दिसली, तर ती बँकेच्या अधिकाऱ्याला, सनदी लेखापालाला किंवा वकिलाला दाखवता येते आणि दुरुस्तही करता येते. पाचवे उत्तर दुसऱ्या कोणाला तपासता येत नाही. प्रतिक्रमणाची सवय असलेल्या समाजाला ते रोज संध्याकाळी स्वतःचे स्वतः तपासण्याची सोय मात्र परंपरेनेच करून ठेवलेली आहे.